आय-९४ ची तारीख उलटून गेली: अमेरिकेतील बेकायदा वास्तव्य आणि परत येण्याचा प्रश्न

कृष्णाकाठ | २० जुलै

नमस्कार. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि त्याची पत्नी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर त्याच्यासोबत राहते. त्यांची सहा वर्षांची मुलगी तिथेच जन्मलेली आहे. दोन वर्षांपूर्वी सगळे सांगलीहून परत गेले, तेव्हा वहिनींच्या पासपोर्टची मुदत ९ मार्चला संपणार होती. त्यामुळे विमानतळावरील अधिकाऱ्याने त्यांच्या आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेशनोंदीवर, तीच तारीख घातली. पुढे त्यांनी पासपोर्टचे नूतनीकरण केले, पण आय-९४ मात्र कोणीच उघडून पाहिला नाही. भावाची मुदतवाढ त्याच्या कंपनीने वेळेवर करून घेतली. वहिनींची तारीख भावाएवढीच असेल असे वकिलाच्या कार्यालयाने गृहीत धरले आणि त्यांचा अर्ज केलाच नाही.

ही गोष्ट परवा लक्षात आली. ९ मार्चनंतर मोजले तर आज १३३ दिवस झाले आहेत. त्यातच वहिनींच्या वडिलांची प्रकृती चिंताजनक असल्याने त्यांना तातडीने सांगलीला यायचे आहे. एकदा बाहेर पडल्या तर त्यांना पुन्हा आत येऊ देतील का, आणि पुढे ग्रीन कार्डला यामुळे बाधा येईल का? घरात कोणालाही झोप नाही. ज्यांना या विषयाची खात्रीशीर माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

रानजाई | २० जुलै

दोन गोष्टी आधी सांगा. वहिनींनी ९ मार्चनंतर कुठे नोकरी केली आहे का? आणि त्यांच्या नावे एखादा अर्ज सध्या प्रलंबित आहे का? उत्तर बरेचसे या दोन गोष्टींवर अवलंबून राहील.

कृष्णाकाठ | २० जुलै

नोकरी केलेली नाही आणि कोणताही अर्ज प्रलंबित नाही.

माणदेशी | २० जुलै

एच-फोर हा एच-वनवर अवलंबून असलेला दर्जा (तिथे राहण्याचा कायदेशीर आधार) आहे. पतीची मुदत वाढली की पत्नीची आपोआप वाढते, अशी माझी समजूत आहे. आपण विनाकारण काळजी करत असाल असे वाटते.

रानजाई | २० जुलै

माणदेशी, ही समजूत अनेकांची असते आणि तिनेच बरीच घरे अडचणीत आणली आहेत. एच-फोर एच-वनवर अवलंबून असतो याचा अर्थ इतकाच की एच-वन संपला तर एच-फोरही संपतो. एच-वन वाढला म्हणून एच-फोर वाढत नाही. त्यासाठी आय-५३९ हा स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक व्यक्तीचा आय-९४ वेगळा असतो.

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक फरक स्पष्ट करते, कारण आपल्याकडे हे सगळे 'व्हिसा संपला' या एका वाक्यात गुंडाळले जाते. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे ते आय-९४ ठरवतो. व्हिसाची मुदत उलटली पण आय-९४ चालू असेल, तर तुमचे वास्तव्य कायदेशीर असते. उलट पासपोर्टवर चांगला पाच वर्षांचा व्हिसा असला आणि आय-९४ ची तारीख गेली असली, तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जाऊ लागतात.

१९९६ साली अमेरिकन काँग्रेसने स्थलांतरविषयक कायद्यात मोठा बदल केला आणि १ एप्रिल १९९७ पासून हे दिवस मोजायला सुरुवात झाली. एका सलग मुक्कामात १८० पेक्षा अधिक पण एक वर्षाहून कमी दिवस बेकायदा राहून, हद्दपारीची कारवाई सुरू होण्यापूर्वी स्वतःहून देश सोडला, तर तीन वर्षे प्रवेश मिळत नाही. एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाले तर दहा वर्षे. ही बंदी मुक्काम लांबल्याने लागत नाही, देश सोडण्याच्या कृतीने लागते. आत असेपर्यंत ती जणू दडून बसलेली असते आणि विमान उडाले की लागू होते.

वहिनींचे १३३ दिवस झाले आहेत, म्हणजे त्या अजून १८० च्या आत आहेत. माझ्या हिशेबाने १८० वा दिवस ५ सप्टेंबरला येतो. त्यापूर्वी त्या निघाल्या तर तीन वर्षांची बंदी लागत नाही.

खडकवासला | २१ जुलै

रानजाई यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक भर घालतो. १८० दिवसांच्या आत बाहेर पडले म्हणजे काहीच परिणाम होत नाही असे नाही. आय-९४ च्या तारखेनंतर एक दिवस जरी जास्त राहिले, तरी ज्या व्हिसावर प्रवेश केला तो व्हिसा कायद्याने आपोआप रद्द होतो आणि नवा व्हिसा साधारणपणे स्वतःच्या नागरिकत्वाच्या देशातूनच घ्यावा लागतो. म्हणजे वहिनींच्या पासपोर्टवर व्हिसा दिसत असला तरी तो वापरून परत जाण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत नव्याने स्टँपिंग करून घ्यावे लागेल, आणि मुलाखतीची तारीख कधी मिळते याचा अंदाज आधी घ्यायला हवा.

औदुंबर | २१ जुलै

विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियम वेगळा होता असे आठवते. माझ्या भाच्याने २०१७ मध्ये टेक्सासमधील एका विद्यापीठात अभ्यासक्रम अर्धवट सोडला. तो वर्षभराहून अधिक काळ तिथेच होता, आणि नंतर परत आल्यावर त्याला दहा वर्षांची बंदी लागलेली नाही असे सांगण्यात आले. हे कसे?

रानजाई | २१ जुलै

एफ-वन विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी 'डी/एस' असे लिहिलेले असते, म्हणजे दर्जा टिकेल तोपर्यंत. तारीखच नाही, तर उलटणार काय? म्हणून त्यांचे बेकायदा वास्तव्य तेव्हाच सुरू होते, जेव्हा स्थलांतर खाते एखाद्या अर्जाचा निर्णय देताना दर्जाभंग झाल्याचे लेखी नोंदवते किंवा स्थलांतर न्यायाधीश तसा आदेश देतो. आपल्या भाच्याचा दर्जा गेला होता, पण बेकायदा वास्तव्याचे दिवस सुरू झाले नव्हते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये खात्याने हे धोरण बदलून विद्यार्थ्यांचे दिवस दर्जाभंगाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे ठरवले होते. गिलफर्ड कॉलेज आणि इतर काही संस्था न्यायालयात गेल्या. २०१९ च्या मे महिन्यात तात्पुरती व २०२० च्या फेब्रुवारीत कायमची मनाई मिळाली आणि जुनी पद्धत परत आली. त्यानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'डी/एस' काढून ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. म्हणून सध्या शिकत असलेल्या मुलांनी जुन्या अनुभवांवर विसंबू नये.

शिंपले | २१ जुलै

२०२० च्या मार्चमध्ये माझे आईवडील आमच्याकडे शिकागोला होते. भारताने आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली आणि त्यांचे सहा महिने एप्रिलमध्ये संपत होते. मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी आम्ही आय-५३९ भरला. वेळेवर, योग्य कारणासह केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जात नाहीत, हे तेव्हा वकिलांनी समजावले होते. वंदे भारतच्या विमानातून ते जुलैमध्ये परतले तेव्हाही अर्जावर निर्णय झालेला नव्हता. अर्जाची पावती, वृत्तपत्रातील कात्रणे आणि परतीच्या प्रवासाचे बोर्डिंग पास मी एका फाईलमध्ये घालून बाबांना दिले. पुढच्या वेळी विमानतळावर अधिकाऱ्याने खरोखरच विचारले आणि ती फाईल उपयोगी पडली.

आपल्या प्रकरणात तारीख आधीच उलटलेली असल्याने हा मार्ग तसाच्या तसा लागू होणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीही कागद जपून ठेवा.

उगवतीचा | २२ जुलै

मी थोडे वेगळे सुचवतो. वहिनींकडे नवा पासपोर्ट आहे. नव्या पासपोर्टवर नवा व्हिसा मागताना जुन्या मुक्कामाचा उल्लेख करण्याची गरज काय? १३३ दिवस कोणाच्या लक्षात येणार आहेत?

खडकवासला | २२ जुलै

उगवतीचा, हा सल्ला कृपया कोणालाही देऊ नका. बोटांचे ठसे पासपोर्टबरोबर बदलत नाहीत आणि प्रवेशाची व निर्गमनाची नोंद त्यांच्याकडे असते. व्हिसासाठीच्या डीएस-१६० अर्जात स्पष्ट प्रश्न आहे की तुम्ही कधी बेकायदा राहिलात का, किंवा दिलेल्या मुदतीपेक्षा अधिक राहिलात का. तिथे 'नाही' लिहिले तर १३३ दिवसांची चूक बाजूला राहते आणि फसवणुकीचे कलम लागते. त्या कलमाखालील अपात्रतेला तीन किंवा दहा वर्षांची मर्यादा नाही, ती आयुष्यभराची आहे. एका निष्काळजीपणातून सुटण्यासाठी कायमचे दार बंद करून घेण्यासारखे ते होईल.

उगवतीचा | २२ जुलै

मला याची कल्पना नव्हती. सूचना मागे घेतो.

सावित्रीची लेक | २२ जुलै

हा धागा वाचून राहवले नाही. माझ्या मावसभावाने पर्यटक व्हिसावर जाऊन सहा वर्षे तिथेच काढली. मधल्या काळात त्याने अमेरिकन नागरिक असलेल्या मुलीशी लग्न केले आणि त्यांना दोन मुले झाली. तो तपासणी होऊन रीतसर प्रवेश केलेला होता, म्हणून देश न सोडता, मुदत उलटलेली असूनही, पत्नीच्या आधारे आतूनच ग्रीन कार्ड मागता आले असते. ते कागद भरायचे राहून गेले होते. तेवढ्यात काका गेले. अंत्यविधीसाठी तो कोणालाही न विचारता कोल्हापूरला आला आणि विमानात बसताच दहा वर्षांची बंदी लागू झाली.

त्यातून सूट मागता येते, पण त्यासाठी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला अथवा आईवडिलांना 'आत्यंतिक हाल' सोसावे लागतील हे सिद्ध करावे लागते. त्याची दोन्ही मुले जन्माने अमेरिकन होती, पण कायद्यात मुलांच्या हालांना स्वतंत्र आधार म्हणून स्थान नाही. मुलांमुळे त्यांच्या आईवर कोणता भार पडतो, तेवढेच मांडता येते. बायकोचे वैद्यकीय अहवाल, कर्जाचे हप्ते, समुपदेशकाची पत्रे असे शेकडो कागद गोळा करण्यात आणि निकालाची वाट पाहण्यात अडीच वर्षे गेली. धाकटा मुलगा वडिलांना फक्त फोनच्या पडद्यावर ओळखत होता. सूट शेवटी मिळाली, पण ती वर्षे परत मिळाली नाहीत. काकांच्या दहाव्याला तो कावळ्याकडे पाहत बसला होता आणि आपण काय गमावून आलो आहोत हे त्याला माहीतही नव्हते.

कृष्णाकाठ, वहिनींना वडिलांना भेटायला नक्की जाऊ द्या, पण तारीख मोजून आणि वकिलाशी बोलून.

रानजाई | २३ जुलै

सावित्रीची लेक, हे वाचून फार वाईट वाटले. अशा कुटुंबांसाठीच २०१३ च्या मार्चपासून देश सोडण्यापूर्वी सूट मागण्याची सोय झाली आणि २०१६ मध्ये तिची व्याप्ती वाढवली गेली. त्यात आधी सूट मंजूर होते आणि मग मुलाखतीपुरते बाहेर जाता येते.

एक निकाल आपल्या लोकांना माहीत असावा. अर्राबल्ली आणि येर्राबेल्ली या भारतीय दांपत्याच्या प्रकरणात २०१२ साली स्थलांतर अपील मंडळाने असे ठरवले की ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना आगाऊ प्रवासपरवाना घेऊन बाहेर जाणे हे दहा वर्षांची बंदी लागू करणारे 'देश सोडणे' नव्हे. आपल्या मावसभावाचा अर्ज आधी दाखल झाला असता आणि तो परवाना हाती असता, तर कदाचित तो अंत्यविधीला येऊन परतही जाऊ शकला असता.

थेम्सकाठ | २३ जुलै

ब्रिटनमधील नियमाची तुलना द्यावीशी वाटते, कारण आपले अनेक नातेवाईक दोन्हीकडे आहेत. इथे मुदतीपेक्षा ३० दिवसांपर्यंत अधिक राहून स्वखर्चाने निघून गेल्यास पुनर्प्रवेशबंदी लागत नाही. त्याहून अधिक राहून स्वतःहून, स्वखर्चाने गेल्यास एक वर्षाची बंदी असते. हद्दपार केल्यास किंवा अर्जात फसवणूक केल्यास दहा वर्षांची. अमेरिकेत १८० दिवस ही सवलत दिसायला मोठी आहे, पण ती ओलांडली की थेट तीन वर्षे, हे मला अधिक कठोर वाटते.

माणदेशी | २३ जुलै

माझी आधीची समजूत चुकीची होती हे मान्य करतो. पण एक मत मांडतो. कोणत्याही देशाला आपल्या दारावर नियम करण्याचा अधिकार आहे आणि मुदत पाळणे ही पाहुण्याची जबाबदारी आहे. आपण फक्त कायद्याच्या कठोरपणावर बोट ठेवतो आहोत.

औदुंबर | २४ जुलै

अधिकाराबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप कायद्याच्या रचनेवर आहे. शिक्षा देश सोडण्याला जोडल्यामुळे, ज्याचे १८० दिवस उलटले आहेत तो माणूस जाण्याऐवजी आतच अडकून पडतो. आईवडिलांच्या आजारपणालाही येत नाही, कारण आला तर परतीचा रस्ता बंद. लोकांनी निघून जावे म्हणून केलेला नियम त्यांना निघू देत नाही.

खडकवासला | २४ जुलै

आणि याहून कडक कलमही आहे. सगळे मुक्काम मिळून एक वर्षाहून अधिक बेकायदा राहून बाहेर गेलेला माणूस जर तपासणी चुकवून सीमेवरून पुन्हा आत शिरला किंवा शिरण्याचा प्रयत्न केला, तर त्याला कायमची बंदी लागते. दहा वर्षे देशाबाहेर काढल्यानंतरच तो परवानगी मागू शकतो. २०२५ च्या फेब्रुवारीत १०४ भारतीयांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यात महाराष्ट्रातीलही काही जण होते. हद्दपारीच्या आदेशाची बंदी बेकायदा वास्तव्याच्या बंदीहून वेगळी असते आणि दोन्ही एकाच वेळी लागू शकतात. दलालांना लाखो रुपये मोजून निघणाऱ्या मुलांना यातले काहीही कोणी सांगत नाही, याची मला मनापासून चीड येते.

कृष्णाकाठ | २५ जुलै

सर्वांचे आभार. काल भावाने दुसऱ्या एका स्थलांतर वकिलाचा सल्ला घेतला. त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, तिथेच राहून उशिराचा आय-५३९ भरायचा आणि उशीर असाधारण कारणाने झाला हे पटवून मागील तारखेपासून मंजुरी मागायची. दुसरा, ५ सप्टेंबरपूर्वी देश सोडायचा आणि नवा व्हिसा घेऊन परत जायचे. कोणता निवडावा यावर घरात मतभेद आहेत. भावाला पहिला मार्ग सुरक्षित वाटतो, कारण त्यात विमानात बसायचे नाही.

रानजाई | २५ जुलै

पहिल्या मार्गातील धोका नीट समजून घ्या. अर्ज मंजूर झाला तर मधले दिवस बेकायदा धरले जाणार नाहीत, हे खरे आहे. पण मुदत उलटल्यावर केलेला अर्ज प्रलंबित असताना दिवस थांबत नाहीत. निर्णय ऑक्टोबरमध्ये आला आणि तो नकाराचा असला, तर तोवर १८० दिवस केव्हाच उलटलेले असतील आणि मग बाहेर पडणे म्हणजे तीन वर्षे. शिवाय २०२५ पासून नकारानंतर दर्जा नसलेल्या व्यक्तीला हद्दपारीच्या कारवाईची नोटीस देण्याचे धोरण आहे.

दुसऱ्या मार्गात व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता उरते, पण बंदी लागत नाही. ग्रीन कार्डबद्दल आपण विचारले होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या अर्जात १८० दिवसांपर्यंतचा दर्जाभंग माफ होतो आणि ते दिवस शेवटच्या रीतसर प्रवेशानंतरचेच मोजले जातात. वहिनी नव्या व्हिसावर प्रवेश करून परत आल्या, तर ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. भारतीयांची रांग इतकी लांब आहे की त्यांचा अर्ज दाखल होईपर्यंत अजून किती वर्षे जातील कोण जाणे. त्यामुळे आज पाटी कोरी करून घेणे मोलाचे आहे. वडील आजारी आहेत, निघायचे कारणही आहे. माझ्या मते त्यांनी निघावे. अंतिम निर्णय अर्थातच त्यांच्या वकिलाचा.

शिंपले | २६ जुलै

निघताना बोर्डिंग पास जपा, आणि मुलीच्या जन्माच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवा. प्रवासात एकच पालक असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्रही असू द्या.

कृष्णाकाठ | १२ ऑगस्ट

वहिनी आणि मुलगी काल ११ तारखेला नेवार्कहून निघाल्या. १५५ वा दिवस होता. आज सांगलीला पोहोचल्या. वडिलांनी नातीला ओळखले.

सावित्रीची लेक | १२ ऑगस्ट

हे वाचून डोळ्यांत पाणी आले. कळवल्याबद्दल धन्यवाद.

कृष्णाकाठ | ९ ऑक्टोबर

उशिराने लिहितो आहे. वहिनींचे वडील २ सप्टेंबरला गेले. वहिनी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होत्या.

सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईत मुलाखत झाली. डीएस-१६० मधील त्या प्रश्नाला वहिनींनी 'हो' असे उत्तर दिले होते आणि खाली तारखा, जुन्या पासपोर्टची मुदत व चूक कशी झाली हे चार ओळींत लिहिले होते. अधिकाऱ्याने जुना आय-९४, भावाच्या मुदतवाढीचा कागद आणि परतीचा बोर्डिंग पास पाहिला. किती दिवस झाले ते त्याने विचारले, वहिनींनी १५५ सांगितले. त्याने संगणकात पाहून मान हलवली. व्हिसा मिळाला.

परवा नेवार्कला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहूनच भावाने तिघांची कागदपत्रे पुन्हा तपासली. वहिनींच्या नव्या आय-९४ वर भावाच्या मुदतीचीच तारीख आहे. दोघांनी तिचा कागद छापून फ्रिजच्या दाराला लावला आहे.

उगवतीचा | ९ ऑक्टोबर

हा धागा वाचून मी माझ्या पत्नीचा आय-९४ पहिल्यांदा उघडून पाहिला. तिचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतो आणि आय-९४ वरही तीच तारीख आहे. नूतनीकरणाचा अर्ज या आठवड्यात करतो आहे. पासपोर्ट हाती आल्यावर आय-५३९ फेब्रुवारीच्या किती आधी भरता येतो, हे कोणी सांगेल का?

रानजाई | १० ऑक्टोबर

मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. आपण आताच त्या काळात आहात. थांबू नका.